हजेरीपटावरचं प्रत्येक नाव

(शाळेच्या १९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती गाळून इथे दिलं आहे.)



माझ्याआधी चौघांनी आठवणी सांगितल्या. छडीपासून सहलीपर्यंत त्यांनी काहीच शिल्लक ठेवलं नाही, त्यामुळे माझं काम सोपं झालं. संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि मंडपामागून रश्शाचा वास यायला लागलाय. तेव्हा वेळ पाळते.

मला सांगितलं गेलं, "तू ज्या कामात आहेस त्याबद्दल बोल." मी विशेष शिक्षिका आहे. म्हणजे ज्या मुलांना वाचायला, ऐकायला, बघायला, चालायला, समजून घ्यायला किंवा एका जागी बसायला इतरांपेक्षा वेगळी मदत लागते, त्यांच्यासोबत आणि त्यांच्या शिक्षकांसोबत मी काम करते. बावीस वर्षं झाली. वसई, नालासोपारा, विरार आणि कधी कधी सफाळे-पालघरपर्यंत.

हा विषय निवडायला आणखी एक कारण आहे. शाळेला भेट देण्यासाठी आपण निधी जमवला. त्यातून काय द्यायचं यावर ग्रुपवर तीन आठवडे चर्चा चालू आहे. प्रवेशद्वारावर कमान बांधायची, डिजिटल फळा द्यायचा, की पाण्याचा कूलर? मला जे सुचवायचं आहे ते मोबाइलवर चार ओळींत मावणारं नाही, म्हणून आज इथे सांगते. ऐकून घ्या, मग ठरवा.

सुरुवात आपल्याच काळापासून करू. पाचवीत आपण एका बाकावर तिघं-तिघं बसायचो. दहावीच्या निरोप समारंभाच्या फोटोत मात्र ऐसपैस उभे आहोत. मधल्या वर्षांत काहींच्या वडिलांची बदली झाली, काहींनी शाळा बदलली. आणि काही जण सातवीत, आठवीत, नववीत एकदा-दोनदा बसले आणि मग यायचेच बंद झाले. कुणी वाडीत कामाला लागलं, कुणी बोटीवर, कुणी दुकानात. मुली घरी राहिल्या. त्यांच्याबद्दल तेव्हा सगळ्या शाळांमध्ये एकच शब्द वापरायचे, एका अक्षराचा. त्यांना नीट ऐकू येत होतं का, फळ्यावरचं दिसत होतं का, अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड डोक्यात बसत होती का, हे कुणी तपासलं नाही. तपासायची सोयच नव्हती.

यात मी आपल्या शिक्षकांना दोष देत नाही. आपण दहावी झालो ते १९९५ साल आठवा. त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने अपंग व्यक्तींसाठीचा पहिला मोठा कायदा मंजूर केला. त्यात सात प्रकारचं अपंगत्व धरलं होतं आणि अध्ययन अक्षमता, म्हणजे ज्याला आपण डिस्लेक्सिया म्हणून ओळखतो, ती त्या सातात नव्हतीच. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू झाली १९९६ मध्ये. महाराष्ट्रात अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या त्याही त्याच सुमारास. आपण शाळेच्या फाटकातून बाहेर पडलो आणि मागोमाग हे सगळं आलं. 'तारे जमीन पर' आला तो २००७ मध्ये. तो पाहून माझ्याकडे किती जणांनी फोन करून सांगितलं, "अगं, आपल्या वर्गात असा एक होता." एक नव्हता, बरेच होते.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते, कारण इथे बसलेल्यांपैकी काही जण आज शिक्षक आहेत, काही संस्थाचालक आहेत आणि बरेच जण पालक आहेत. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. साताचे एकवीस प्रकार झाले. त्यात अध्ययन अक्षमता आली, स्वमग्नता आली, थॅलेसेमिया आणि सिकलसेलही आले. पालघर जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल काय असतो ते इथल्या डॉक्टरांना ठाऊक आहे. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारतीत वावरता येईल असं करायचं, आणि त्या मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करून द्यायच्या. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखायची हेही त्या कायद्याने शाळेवर टाकलेलं काम आहे.

म्हणजे "आमच्याकडे अशी मुलं घेत नाहीत" हे वाक्य आज कुठल्याही मुख्याध्यापकाला अधिकृतपणे बोलता येत नाही. पण अनधिकृतपणे ते कसं बोललं जातं तेही ऐका. "आमच्याकडे सोय नाही हो, तुमच्याच मुलाचे हाल होतील." हे वाक्य मी पालकांच्या शेजारी बसून अनेक ऑफिसांत ऐकलं आहे. बोलणारी माणसं वाईट नसतात. त्यांना खरंच वाटतं की अशा मुलांसाठी खूप मोठी, खूप महाग व्यवस्था लागते आणि ती आपल्याकडे नाही.

या समजाची दुसरी बाजू अशी की अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा आहेतच की! त्या शाळांबद्दल मला नितांत आदर आहे. त्या कशा उभ्या राहिल्या ते पाहा. मुंबईतली जय वकील शाळा १९४४ मध्ये वकील दांपत्याने काढली, कारण डाऊन सिंड्रोम असलेल्या त्यांच्या लेकीला, जयला, घेणारी शाळा नव्हती. नाशिकच्या रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी सुरू केली, तीही आपल्या मुलाच्या निमित्ताने. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केली ती मुलगी मालिनीसाठी. सेरेब्रल पाल्सी असलेली ही मालिनी चिब पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात शिकली आणि एका बोटाने टंकलेखन करत तिने आत्मचरित्र लिहिलं. तिन्हीकडे एकच गोष्ट दिसते. नेहमीच्या शाळेचं दार बंद होतं, म्हणून आईबापांना नवी शाळा बांधावी लागली.

काही मुलांना विशेष शाळाच लागते, हे मी स्पष्ट सांगते. तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असेल, किंवा जन्मापासून अजिबात ऐकू न येणाऱ्या मुलाला आधी खुणांची भाषा पक्की हवी असेल, तर त्या मुलाला चाळीस-पन्नासच्या वर्गात नुसतं बसवणं हा अन्याय आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना वेगळी शाळा नको असते. त्यांना त्यांचीच शाळा हवी असते, थोडी वळवून घेतलेली. हे वळवून घेणं म्हणजे काय, ते तीन उदाहरणांनी सांगते. नावं सांगणार नाही आणि ओळखू येतील असे तपशीलही देणार नाही. तुम्हीही अंदाज बांधू नका. वसई लहान आहे.

पहिली मुलगी व्हीलचेअरवर. हुशार, विशेषतः गणितात. सातवीपर्यंत वर्ग तळमजल्यावर होता, आठवीचा पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आई तिला रोज उचलून वर नेणार, ती मधल्या सुट्टीत खाली येणार नाही आणि बाथरूमला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी पिणार नाही, असं ठरत होतं. शाळेकडे लिफ्टसाठी पैसे नव्हते आणि लिफ्ट लागलीही नाही. त्यांनी आठवीचा तो वर्ग खाली आणला आणि पाचवीचा वर पाठवला. खर्च काय आला? दोन दारांवरच्या पाट्या रंगवायचा. पुढच्या वर्षी नववीचा खाली आणला, त्यापुढच्या वर्षी दहावीचा. ही झाली वाजवी सोय. कायद्यातला शब्द जड वाटतो, काम हे असं असतं.

दुसरा मुलगा कोळीवाड्यातला. टोपलीभर बोंबलाचा भाव, उधारी, सुटे पैसे सगळं तोंडी करायचा, आईला बाजारात मदत करायचा. वहीत मात्र काही नाही. 'घर' लिहिताना 'धर', 'भात' लिहिताना 'मात'. जोडाक्षर आलं की थांबायचा. वेलांटी कुठल्या बाजूला द्यायची हे दरवेळी नव्याने ठरवायचा. त्याचे वर्गशिक्षक चांगले होते. त्यांनी त्याला "आळशी" म्हणून सोडून दिलं नाही, सहावीतच पालकांना माझ्याकडे पाठवलं. चाचण्या झाल्या, प्रमाणपत्र मिळालं. दहावीला लेखनिक मिळाला, जास्तीचा वेळ मिळाला. तो पास झाला. टक्के विचारू नका, त्याला ते महत्त्वाचे नव्हते. आज तो इंजिनं दुरुस्त करतो आणि त्याचं बिल त्याची बायको लिहिते.

तिसरा मुलगाही असाच होता, पण त्याची गोष्ट जानेवारीत सुरू झाली. दहावीच्या जानेवारीत. पूर्वपरीक्षेत तीन विषयांत नापास झाल्यावर कुणीतरी आईला माझं नाव सांगितलं. अर्धा तास त्याच्याशी बोलले, वाचून घेतलं, लिहून घेतलं. अंदाज आला. पण अंदाजावर सवलत मिळत नाही. त्यासाठी ठरावीक सरकारी-महापालिका रुग्णालयातून प्रमाणपत्र लागतं. कान-डोळे तपासणं, बुद्ध्यंकाची चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या असं ते टप्प्याटप्प्याने चालतं आणि एका फेरीत संपत नाही. मग शाळेमार्फत बोर्डाकडे प्रस्ताव. जानेवारीत सुरू करून मार्चच्या परीक्षेला हे काही जमत नाही. तो परीक्षेला बसला, नापास झाला, पुन्हा बसला नाही. या मुलात आणि आधीच्या मुलात बुद्धीचा फरक नव्हता. फरक चार वर्षांचा होता. एकाला कुणीतरी सहावीत पाहिलं, दुसऱ्याला दहावीत.

माझं आजचं सगळं म्हणणं या फरकात आहे. पैसा दुय्यम आहे. वेळेवर कुणीतरी पाहायला हवं.

आपल्या भागात हे पाहणं का अवघड आहे, तेही सांगते. मुंबईत अध्ययन अक्षमतेच्या तपासणीचं जुनं आणि नावाजलेलं केंद्र म्हणजे सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय. विरारहून दादर, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वे, मग सायन. सकाळच्या गर्दीत मुलाला घेऊन विरार लोकल. आपल्यापैकी निम्म्यांनी त्या गाडीत आयुष्य काढलंय, तुम्हाला सांगायला नको. रोजंदारीवर काम करणाऱ्या आईसाठी प्रत्येक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी. दुसऱ्या फेरीनंतर पुष्कळ जणी येत नाहीत. आणि हे प्रमाणपत्र एकदाच मिळून भागत नाही. आठ वर्षांनंतर ते देता येतं आणि पुन्हा चौदाव्या व अठराव्या वर्षी तपासणी करावी लागते.

दुसरी अडचण भाषेची. आपल्याकडे एकाच वर्गात घरी सामवेदी बोलणारं मूल असतं, वाडवळी बोलणारं असतं, नालासोपाऱ्याच्या चाळीतून आलेलं भोजपुरी बोलणारं असतं, आणि पुस्तक असतं प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत. सामवेदी घरातलं मूल पहिलीत मराठी वाचताना अडखळलं, तर ती अक्षमता नव्हे. ते एक जास्तीची भाषा शिकतंय. उलट, "घरी मराठी बोलत नाहीत म्हणून मागे आहे" असं म्हणत खऱ्या अक्षमतेकडे चार-चार वर्षं दुर्लक्ष होतं, तेही मी पाहिलंय. दोन्हीतला फरक ओळखायला त्या मुलाच्या भाषेत चाचणी हवी. कितीतरी वर्षं चाचण्या इंग्रजीतूनच होत्या. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाची चाचणी आणली, तिच्यात हिंदी आणि कन्नडबरोबर मराठीही आहे. वीस वर्षं उशिरा का होईना, आपल्या भाषेत ती आली.

इथे एक गोष्ट मुद्दाम आठवून देते, कारण तिच्यावर आपल्या ग्रुपवरही विनोद फिरले होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असं वाचायची पद्धत दिली. केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना खुलासे करत बसावं लागलं. पण माझ्यासारखीला त्यातलं मर्म लगेच कळलं. सत्तावीस म्हणताना आपण आधी सात म्हणतो, लिहिताना मात्र आधी दोन लिहितो. सदुसष्टचंही तेच. बहुतेक मुलं हा उलटा क्रम आपोआप पचवतात, काही पचवत नाहीत आणि २७ चे ७२ लिहीत राहतात. 'वीस सात' म्हटलं की त्यांचं कोडं सुटतं. जुने शब्द कुणी काढून घेतले नव्हते, एक जास्तीची वाट दिली होती. ती वाट सगळ्यांसाठी होती, पण ज्याचा पाय अडखळतो त्याला तिचा जास्त उपयोग. समावेशन यापेक्षा फार वेगळं नसतं.

"मग बाकीच्या मुलांचं नुकसान होत नाही का?" हा प्रश्न तुमच्यातल्या पालकांच्या मनात असणार, आणि तो विचारणं गैर नाही. माझा अनुभव सांगते. वर्गात कमी ऐकू येणारं मूल असेल तर मी शिक्षकांना तीन गोष्टी सांगते. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. महत्त्वाचं वाक्य बोला आणि लिहाही. त्या मुलाला पहिल्या-दुसऱ्या बाकावर, खिडकीचा उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं बसवा. यातलं काय बाकीच्यांच्या तोट्याचं आहे? आपले भूगोलाचे सर हे सगळं न सांगता करायचे, म्हणून तर शेवटच्या बाकावरच्यांनाही भूगोल यायचा. सर समोर बसले आहेत, म्हणून सांगून टाकते.

पण काही वेळा नुसत्या नावाचं समावेशन असतं, तेही सांगायला हवं. मूल पटावर असतं, शेवटच्या बाकावर एका शॅडो टीचर ताईसोबत बसतं, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत चित्रं रंगवतं. वर्गशिक्षक त्याच्याशी बोलत नाहीत, कारण "त्याची ताई आहे ना". कवायतीला नाही, सहलीला नाही, गॅदरिंगला पडद्याआड. मी अशा वर्गांत बसले आहे. प्रवेश मिळाला म्हणजे मूल शाळेत आलं असं होत नाही. त्याला धडा मिळाला पाहिजे, मित्र मिळाला पाहिजे, आणि मार सोडून बाकी सगळं इतरांसारखं मिळालं पाहिजे. मारही आता कुणालाच मिळत नाही, हे आपल्या पिढीला जरा चमत्कारिक वाटतं ते सोडा.

शिक्षकांवर बोजा पडतो, हे खरं आहे. तो त्यांच्यावर एकट्यांवर टाकणं हीच तर चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ च्या निकालात विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला लावलं. प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. महाराष्ट्रात सर्व शिक्षा अभियानापासून विशेष शिक्षक कंत्राटावर राबत आले आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याने दर केंद्राला एक याप्रमाणे ४,८६० पदांचा निर्णय घेतला. चांगली गोष्ट आहे. पण एका केंद्रात कितीतरी शाळा येतात. आपल्याकडे महानगरपालिका २००९ मध्ये झाली तरी त्यानंतर वर्षानुवर्षं इथल्या मराठी प्राथमिक शाळा जिल्हा परिषदच चालवत राहिली, आणि हे फिरते शिक्षक आधी त्या शाळांना पुरे पडायचे. आपल्यासारख्या खासगी संस्थेच्या माध्यमिक शाळेत त्यांचा पाय क्वचितच लागतो. आणि २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. फेरपरीक्षेतही नापास झालं तर त्याच वर्गात. म्हणजे आपल्या वेळी जे व्हायचं ते पुन्हा होऊ शकतं, आणि ज्याचं कारण कुणी शोधलेलं नाही तो मुलगा पुन्हा त्याच बाकावर बसेल.

आता निधीबद्दल. मी चार गोष्टी सुचवते.

पहिली, रॅम्प. आपल्या शाळेचं जोतं उंच आहे, कारण बांधणाऱ्यांना वसईचा पाऊस माहीत होता. तीन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे अठरा इंच. रॅम्पचा उतार एकास बारा हवा, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. अठरा इंचांना अठरा फूट. बिल्डर मित्रांनो, मोजून घ्या. मोटारसायकल चढवायला पायऱ्यांवर सिमेंट ओततात तसा नको. त्यावरून व्हीलचेअर चढत नाही, उतरताना मात्र घसरते. दोन्ही बाजूंना कठडा हवा आणि लादी पावसात न घसरणारी हवी. तो रॅम्प आज कुणा मुलाला लागेल, आणि पुढच्या मेळाव्याला आपल्यापैकीही काहींना लागेल. गुडघ्यांचं मी बोलत नाही.

दुसरी, एक स्वच्छतागृह. दार रुंद, आत पकडायला दांडा, उंबरठा नाही. मघाशी सांगितलेली मुलगी पाणी का पीत नव्हती ते लक्षात ठेवा. मुलींच्या बाबतीत शाळा सुटण्याचं हे कारण कुठल्याही दाखल्यावर लिहिलेलं नसतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत कमी दिसणारी. आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या विशेष शिक्षिकेचं तीन वर्षांचं मानधन. मी माझ्यासाठी मागत नाही, माझे दिवस भरलेले आहेत. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या तरुण मुली आपल्याच तालुक्यात आहेत आणि कामासाठी अंधेरीपर्यंत जातात. तिने पाचवीच्या आणि सहावीच्या प्रत्येक मुलाचं वाचन ऐकायचं. प्रत्येक मुलाचं. कुणाला काय नडतंय याची नोंद ठेवायची, पालकांना बोलवायचं, शिक्षकांना वर्गात काय करता येईल ते दाखवायचं. एनसीईआरटीची 'प्रशस्त' नावाची प्राथमिक चाळणीची यादी आहे, ती शिक्षकांनाही वापरता येते. मला माहीत आहे, मानधनावर "१९९५ च्या तुकडीकडून सप्रेम भेट" अशी पाटी लावता येत नाही. कमानीवर लावता येते. पण तीन वर्षांत पाचवीच्या तीन तुकड्या आपल्या डोळ्यांखालून जातील. त्यात एखादा कोळीवाड्यातला मुलगा सहावीत सापडला, तरी माझ्या हिशेबात निधी वसूल झाला.

चौथ्या गोष्टीला पैसे लागत नाहीत, माणसं लागतात. आपल्यात दोन डॉक्टर आहेत, एक चष्म्याचं दुकान आहे. जूनमध्ये एक दिवस शाळेत येऊन पाचवीच्या मुलांचे कान-डोळे तपासा. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं, त्याच्या जोडीला हे होईल. कान वाहतो म्हणून ऐकू न येणारी मुलं किती निघतात ते पाहून तुम्हीच चकित व्हाल. जे निवृत्त झाले आहेत किंवा ज्यांचा स्वतःचा धंदा आहे, त्यांनी सायनच्या फेऱ्यांना एखाद्या आईसोबत जायचं. नुसतं सोबत जायचं, रांगेत उभं राहायचं, कुठल्या खिडकीवर काय द्यायचं ते बघायचं. तिसऱ्या फेरीला ती आई गळू नये एवढंच. आणि ज्यांची मुलं आत्ता नववीत आहेत, त्यांनी मुलांना लेखनिक म्हणून बसायला परवानगी द्यायची. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो आणि तो मिळवताना आमच्या नाकी नऊ येतात, कारण पालक म्हणतात, "आमच्या मुलाचा अभ्यास बुडेल." बुडत नाही. दहावीच्या पेपराची भीती जाते, हा फायदाच.

आता पुढच्या रविवारी निधी समितीची बैठक याच शाळेत आहे. मुख्याध्यापक सरांशी मी बोलले आहे. रॅम्पची जागा त्यांनी दाखवली आहे, आणि वाचनालयाच्या शेजारची लहान खोली विशेष शिक्षिकेला द्यायची त्यांची तयारी आहे. डिजिटल फळा आणि कूलर पुढच्या वर्षी घेऊ. कूलरसाठी १९९६ ची तुकडी आहेच, त्यांनाही काहीतरी ठेवूया. नोंदणीच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. तिच्यात चार कामांची चार पानं केली आहेत. ज्याला जे जमेल त्या पानावर त्याने नाव आणि आपला वार लिहावा. जेवणाआधी लिहिलंत तर बरं. जेवणानंतर आपली तुकडी काय करते, ते आपल्या सर-बाईंना चांगलं ठाऊक आहे.